कथकच्या क्लासचं वर्ष दहा महिन्यांचं असतं

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी जयसिंगपूरची. यंदा बारावी कला शाखेची परीक्षा दिली. नऊ वर्षं सांगलीला कथक शिकते आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद प्रथम ही परीक्षा झाली आहे. दोन वर्षांपासून आमच्या कथकच्या ताई प्रारंभिकच्या, म्हणजे अगदी पहिल्या परीक्षेच्या, मुलींची बॅच माझ्यावर सोपवतात. खरं सांगू का, स्टेजवर नाचण्यापेक्षा मला तेच जास्त आवडतं. एखादीला कितीतरी दिवस तत्कार, म्हणजे पायांनी तालात वाजवायचे बोल, लयीत जमत नसतो आणि एक दिवस अचानक जमतो, तेव्हा एसटीतून घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तिचेच पाय असतात.

मला कथकची पदवी घ्यायची आहे. बाबा म्हणतात, अर्थशास्त्रात बी.ए. कर, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल, नाच काय सुट्टीतही होईल. मला अर्थशास्त्र आवडत नाही असं नाही, बारावीला माझा सगळ्यात आवडता विषय तोच होता. पण गणित दहावीनंतर सोडलं. बाबांना पटावं म्हणून मी आमच्या क्लासचा हिशोब मांडून दाखवला : २४ मुली, प्रत्येकी ७०० रुपये, म्हणजे महिन्याला १६,८०० आणि वर्षाला २,०१,६००. बाबा म्हणाले, "कागदावर सगळेच श्रीमंत असतात." त्या दिवसापासून आम्ही दोघं नीट बोललेलो नाही.

दोन्ही एकदम करता येईल का? आणि नाच शिकवून पोट भरतं का?

– एक विद्यार्थिनी, जयसिंगपूर

प्रिय मुली,

तुझ्या हिशोबापासूनच सुरुवात करते, कारण अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलं ते तेच. नाचाबद्दल भरभरून लिहिणारी पत्रं मला बरीच येतात. आपल्या ताईंच्या क्लासमध्ये किती मुली आणि फी किती, हे लिहून गुणाकार करणारं पत्र मात्र पहिल्यांदाच आलं. मी २७ वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. असा गुणाकार आपणहून करणारी मुलं वर्गात फार थोडी भेटली.

आता त्यातली चूक. तू फीला बाराने गुणलंस. कथकच्या क्लासचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. मे महिन्यात मुली मामाच्या गावाला जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेची परीक्षा आली की निम्म्या आया "दोन महिने बंद ठेवतो" म्हणतात. गणपतीत आणि दिवाळीत खाडे होतात ते वेगळेच. म्हणजे फी धरायची दहा महिन्यांची, तीही बेताने. २४ गुणिले ७०० गुणिले १०, म्हणजे १,६८,००० रुपये. हॉलचं भाडं मात्र बाराही महिने द्यावं लागतं. समज महिना ४,००० असेल, तर वर्षाचे ४८,००० गेले. महिन्यातून दोनदा तबलजी बोलवायचे आणि दर वेळी हजार रुपये द्यायचे म्हटलं, तर दहा महिन्यांचे २०,००० झाले. उरले बरोब्बर एक लाख. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ८,३०० च्या आसपास. यात अजून गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम, साउंड, कपडे, घुंगरांच्या नव्या जोड्या काहीच धरलेलं नाही.

बाबांचं वाक्य तुला लागलं, ते मी समजू शकते. पण त्यांनी तुझा हिशोब वाचला होता, आणि तो कुठेतरी जमत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. हे नवे आकडे घेऊन त्यांच्याकडे परत जा. तुझी बाजू कमजोर दिसेल अशी भीती वाटेल. पण आपल्याच हिशोबातली चूक शोधून आणणाऱ्या मुलीचं म्हणणं बाप जास्त लक्ष देऊन ऐकतो.

पोट भरतं का, या प्रश्नाचं उत्तर अर्थशास्त्राने बऱ्याच आधी दिलेलं आहे, आणि ते तुला आज ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. १९६६ मध्ये विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी नाटक, संगीत, नृत्य यांच्या संस्थांना कायम पैशाची तंगी का असते याचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं : कारखान्यात यंत्रं सुधारतात, एक कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माल काढतो, म्हणून त्याची मजुरी वाढली तरी मालकाला परवडतं. पण चार वादकांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच लागायची आणि तेवढाच वेळ घ्यायची, आजही तसंच आहे. तिथे कामाचा वेग वाढत नाही. बाहेरच्या जगात मजुरी आणि महागाई वाढतच राहते, त्यामुळे कलेचा खर्च इतर वस्तूंच्या मानाने दरवर्षी थोडा थोडा महाग होत जातो.

हे तुझ्या वर्गात आणून बघ. तीनतालाच्या सोळा मात्रा विलंबित, म्हणजे संथ, लयीत जेवढा वेळ घेतात तेवढा घेतातच. २४ मुली म्हणजे ४८ पाय. तू एकटी एका तासात किती पायांकडे नीट बघू शकतेस? तबलजींच्या जागी ठेका वाजवणारं ॲप आलं, तेवढी एक बचत झाली. पण 'तुझी डावी टाच उचलली जात नाहीये' हे ॲप सांगत नाही. म्हणून बॅच चाळीसची केली तर उत्पन्न वाढतं आणि शिकवणं पातळ होतं. फी वाढवली तर गरिबाघरच्या मुली गळतात. आपल्याकडच्या प्रत्येक चांगल्या नृत्यशिक्षिकेने या दोन टोकांच्या मध्ये आपली जागा शोधलेली असते. कुणी सकाळी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी स्वतःचा क्लास घेते, कुणी आठवड्यात दोन गावं करते, कुणी तुझ्यासारख्या मोठ्या शिष्येला लहान बॅच देते. तुझ्या ताईंनी तुला बॅच दिली त्यात विश्वास आहेच, पण त्यामागे हे गणितही आहे. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

तेव्हा, हो, पोट भरतं. पण पहिली चार-पाच वर्षं एकट्या क्लासवर नाही. ज्यांचं त्याही काळात चाललं, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या घरात दुसरं उत्पन्न होतं, नवऱ्याचं, आईवडिलांचं किंवा स्वतःच्या नोकरीचं. ते दुसरं उत्पन्न तुझं स्वतःचं असावं, अशी माझी इच्छा आहे.

आता पदवीकडे येऊ. तू आणि बाबा जे भांडताय ते 'हे की ते' असं भांडताय. मला यात दोन दरवाजे दिसतात, आणि प्रत्येक दरवाजा एकाच दिशेने उघडतो.

पहिला दरवाजा पदव्युत्तर प्रवेशाचा. नृत्याच्या एम.ए.साठी अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. विशारदची किंवा त्या तोडीची तयारी लागते आणि प्रवेशचाचणीत नाचून दाखवावं लागतं. प्रत्येक विद्यापीठाचा त्या वर्षीचा नियम मात्र स्वतः वाचून घे. उलट दिशेने हे अवघड आहे. नृत्याची पदवी घेतलेल्या मुलीला अर्थशास्त्राच्या एम.ए.चा अर्ज काही संस्थांमध्ये भरता येतो, पण प्रवेशपरीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र समोर येतं आणि बहुतेक जणी तिथेच अडकतात. सरकारच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला तर अर्थशास्त्राचीच पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे अर्थशास्त्रातून कथककडे यायची वाट मोकळी आहे, कथककडून अर्थशास्त्राकडे जायची फार अरुंद.

दुसरा दरवाजा शरीराचा, आणि तो नेमका उलटा उघडतो. अर्थशास्त्र पंचविसाव्या वर्षीही शिकता येतं, मी पस्तिशीतल्या विद्यार्थिनी शिकवल्या आहेत. पण अठरा ते एकवीस या वयात गुडघे, घोटे, दम, चक्करांचा तोल जसा घडतो तसा पुन्हा घडत नाही. ही तीन वर्षं रियाज सुट्टीपुरता ठेवलास, तर नंतर एम.ए.च्या प्रवेशचाचणीत तुझी पदवी बघायला कुणी बसलेलं नसेल, तुझे पाय बघितले जातील. बाबांचं "सुट्टीत करता येईल" एवढं एकच वाक्य मला पूर्ण चुकीचं वाटतं.

अर्थशास्त्रात आम्ही याला संधी खर्च म्हणतो. एक गोष्ट निवडताना दुसरी जी हातची जाते, तीच पहिलीची खरी किंमत. तुझ्याबाबतीत ही किंमत पदवीच्या नावावर कमी आणि दिवसाच्या तासांवर जास्त अवलंबून आहे.

नृत्याच्या पदवीत काय मिळतं ते आधी सांगते, कारण तुझा ओढा तिकडे आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीचं, तिथे कथक आणि भरतनाट्यम दोन्ही आहेत. मुंबईचं नालंदा नृत्य महाविद्यालय डॉ. कनक रेळे यांनी उभं केलं, त्याची ओळख मुख्यतः भरतनाट्यम आणि मोहिनीअट्टमची. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली होती, आज तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कथकची पदवी घेता येते. अशा ठिकाणी दिवसाचे कितीतरी तास शरीर कामात असतं, तबला-पेटी रोज साथीला असते, बरोबरच्या मुली तुझ्याहून पुढच्या असतात. नाट्यशास्त्र, अभिनयदर्पण हे जुने ग्रंथ, तालाचं शास्त्र हे सगळं तिथे रीतसर वाचून होतं. सांगलीच्या संध्याकाळच्या दीड तासात हे मिळणार नाही. हे लहान नुकसान नाही, आणि ते नाही असं मी म्हणणार नाही.

अर्थशास्त्राच्या पदवीबद्दलही तितकंच खरं सांगते. बारावीचं अर्थशास्त्र म्हणजे उपयोगिता, मागणीची लवचिकता, निर्देशांक. ते आवडलं म्हणून पदवीचं आवडेलच असं नाही. पदवीला सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र आलेखांनी आणि समीकरणांनी चालतं, संख्याशास्त्र येतं, पुढे अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचं शास्त्र, येते. गणित नसल्यामुळे काही दारं तुला आजच बंद आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीला गणित लागतंच. बी.एस्सी. अर्थशास्त्राचे अभ्यासक्रमही बहुतेक गणितावर उभे असतात. साध्या बी.ए.ला मात्र तुला कुणी अडवणार नाही. फक्त प्रवेश मिळाला म्हणून गणित टळलं असं समजू नकोस. या उन्हाळ्यात अकरावी-बारावीचं गणिताचं पुस्तक काढ. फलन, अवकलन आणि संभाव्यता एवढी तीन प्रकरणं कुणाकडून तरी समजून घे. तीन आठवड्यांनंतरही पुस्तक उघडावंसं वाटलं, तर अर्थशास्त्र तुझं आहे. रोज बळजबरीने बसावं लागलं, तर केवळ बाबांसाठी ते घेऊ नकोस. मनाविरुद्ध घेतलेला विषय तीन वर्षांत रियाजाचीही ताकद खाऊन टाकतो.

दोन्ही एकदम करता येईल का? नियमाने येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला परवानगी दिली आहे. दोन्ही वर्गात बसून करायच्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, नाहीतर एक दूरस्थ किंवा ऑनलाइन घ्यावी. दिवसभर चालणारी नृत्याची पदवी आणि दिवसभराचं कॉलेज यांच्या वेळा जुळणार नाहीत, त्यामुळे तुझ्यापुढे दुसराच पर्याय उरतो : नृत्य वर्गात आणि अर्थशास्त्र इग्नू किंवा मुक्त विद्यापीठातून. कागदावर हे सुंदर दिसतं. पण दूरस्थ शिक्षणात संख्याशास्त्र अडलं की शेजारी विचारायला कुणी नसतं. दिवसभर नाचून थकलेल्या अंगाने रात्री एकटीने समीकरणं सोडवायची म्हणजे फार मोठी शिस्त लागते. तुझं गणित पक्कं असतं तर मी हो म्हटलं असतं. आज म्हणत नाही.

माझं मत असं. तुला शिकवायचं आहे, हे तुझ्या पत्राच्या पहिल्या परिच्छेदातच आहे. नर्तकी व्हायचं असं तू लिहिलं असतंस तर मी बाबांशी भांडून तुला नृत्याच्या पदवीला पाठवलं असतं. पण शिक्षिकेला स्वतःचा क्लास चालवावा लागतो, पालकांशी बोलावं लागतं, शाळेशी करार करावा लागतो, आणि मधल्या कोरड्या वर्षांत तग धरावा लागतो. तुझा हात त्या हिशोबाकडे आपोआप वळतो. उन्हाळ्यातल्या गणिताची परीक्षा तू स्वतःशी पास झालीस, तर अर्थशास्त्रात बी.ए. कर. पण कॉलेज निवडताना आधी गुरू निवड आणि मग त्यांच्या क्लासपासून सायकलवर जाता येईल असं कॉलेज शोध. लोक नेमकं उलटं करतात, आधी नावाजलेलं कॉलेज घेतात आणि मग "तिथे जवळ कथकचा क्लास आहे का" विचारतात. पुण्याला जाणार असशील तर मे महिन्यातच दोन-तीन क्लासमध्ये परवानगी घेऊन मागे बसून बघ. गुरू तुझ्या ताईंच्या घराण्याच्याच असाव्यात असं नाही, पण त्या लहान मुलींना कशा शिकवतात ते मात्र बघ, कारण तू तेच शिकायला चालली आहेस.

कॉलेजात विचारायचा एक प्रश्न लिहून ठेव. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि खुले ऐच्छिक विषय असतात, सहशालेय उपक्रमांनाही श्रेयांक (क्रेडिट) मिळतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्या कॉलेजात प्रयोगकला (नृत्य, नाटक, संगीत) दुय्यम किंवा ऐच्छिक म्हणून आहे का, असेल तर तिथे कोण शिकवतं, हे प्रवेश घेण्याआधी विचार. बहुतेक कॉलेजांत नसेल. असेल तर सोन्याहून पिवळं.

विशारद पूर्ण पहिल्या वर्षातच करून टाक. गांधर्व मंडळ १९३१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्यांनी उभं केलं, आणि पलुस्करांनी शेवटचा श्वास घेतला तो तुझ्या शेजारच्या मिरजेत. त्या परंपरेबद्दल मला फार आदर आहे. तरीही विशारद म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे, हे लक्षात ठेव. शाळा नृत्यशिक्षिका घेताना ती पाहतात, कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि सहसा नेटसारखी पात्रता परीक्षा लागते. अठरा पूर्ण झाली की केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या तरुण कलाकारांच्या शिष्यवृत्तीला अर्ज कर. ती १८ ते २५ वयातल्यांना असते, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकलेली असण्याची अट आहे, ती तू कधीच पूर्ण केली आहेस. पुण्यात गुरूची फी आणि खोलीचं अर्धं भाडं त्यात निघेल.

शिकवण्याबद्दल दोन शब्द, कारण कुठल्याच पदवीत ते पुरेसं शिकवत नाहीत. मुलींकडे तोंड करून उभी राहतेस तेव्हा तू त्यांना आरशातल्यासारखी दिसायला हवीस, म्हणजे त्यांचा उजवा हात उचलायचा असेल तेव्हा तू डावा उचलायचा. हे सहज होईपर्यंत वर्ष जातं. पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, मोठ्याने आणि हाताने ताल धरून करून घे. ज्या मुलीला बोल म्हणता येतो तिच्या पायात तो लवकर येतो. सात वर्षांच्या मुलीला फरशीवर तासभर तत्कार करायला लावू नकोस. तिच्या पायाची हाडं अजून वाढत असतात आणि फरशी प्रत्येक आघात तिलाच परत देते. लाकडी जमीन नसेल तर वेळ कमी ठेव. आणि ज्या दिवशी एखादीला जमलं, त्या दिवशी आदल्या तासाला आपण तिला नक्की काय वेगळं सांगितलं होतं ते वहीत लिही. एसटीत तू जे आठवत बसतेस ना, तेच लिहायचं.

बाबांना सांगायला दोन उदाहरणं देते. पुण्याच्या कथकला ज्यांनी आकार दिला त्या रोहिणीताई भाटे आधी फर्ग्युसनमधून बी.ए. झाल्या आणि १९४७ मध्ये त्यांनी नृत्यभारती ही संस्था सुरू केली. कनक रेळे एलएल.बी. होत्या, त्यांनी मँचेस्टरला आंतरराष्ट्रीय कायदाही शिकला, आणि नृत्यात मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. केली. पुस्तकाच्या पदवीने त्यांचं नृत्य अडवलं नाही. हे मात्र बाबांना नीट समजावून सांग : त्या दोघींनीही नाच सुट्टीपुरता ठेवला नव्हता. तू अर्थशास्त्र घेणार असशील तर त्याबदल्यात त्यांच्याकडून एकच गोष्ट मागून घे. रोज सकाळचे दोन तास रियाजाचे, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा, आणि त्यावर घरात कुणी एक शब्द बोलायचा नाही. बाबा व्यवहारी आहेत असं तुझ्या पत्रावरून वाटतं, असा सौदा त्यांना समजेल.

आणि हे सगळं बोलायच्या आधी एक काम कर. येत्या आठवड्यात ताईंना विचारून त्यांची गेल्या तीन वर्षांची फीची वही बघायला माग. कोणत्या महिन्यात किती मुली आल्या, कुणाची फी माफ केली, कोण कधी गळलं, कोण परत आलं, हे एका कागदावर महिन्यावार उतरवून काढ. ताईंनी आजवर हे कुणाला दाखवलं नसेल. त्यांनी तुला दाखवलं, तर जून उजाडायच्या आत मला पुन्हा पत्र लिही आणि तो कागद सोबत पाठव. आपण तो दोघी मिळून वाचू.

तुझी,
मॅडम